पवनचक्कीनंतरचा खड्डा

नाही हो ताई, पैसे परत द्या असं कुठे म्हणतोय मी — मी म्हणतोय बटण बघा. हे उजवीकडचं, कडेचं, उडीचं. दाबलं की त्यानं उडी मारायला पाहिजे की नाही? मारतो, मारत नाही असं नाही, पण उशिरा मारतो. किती उशिरा म्हणजे — आता कसं सांगू — डोळ्याची पापणी लवते तेवढा. तुम्ही म्हणाल तेवढ्यानं काय होतंय. तेवढ्यानंच होतंय! खड्ड्याच्या कडेला तेवढा उशीर झाला की पलीकडे पाय पोचत नाही, गेला खाली. शुक्रवारी नेलाय मी हा तुमच्याकडून, आज मंगळवार. आठवतंय ना? त्या काचेच्या कपाटात होता, जुन्या कॅमेऱ्यांच्या आणि इस्त्र्यांच्या मध्ये, आणि मी आपला रस्त्यानं चाललो होतो तो पुढे जाऊन मागे फिरलो. तुम्ही म्हणालात, हातात धरायचा व्हिडिओ गेम आहे, चालू आहे, पण कॅसेट आत अडकलीय, निघत नाही, एकच खेळ आहे. मी म्हटलं मला एकच पाहिजे. वरचं चित्र निम्मं खरवडून गेलंय, पण ती टोपी आणि ती खांद्यावरची पिशवी मी झोपेतसुद्धा ओळखीन. पोस्टमन आहे तो.

तुम्ही कधी खेळला नाहीत? एकदाही नाही? दुकानात ठेवता आणि — बरं, राहू दे. मग मुळापासून सांगायला पाहिजे. आम्ही कारखान्याच्या वसाहतीत राहायचो, चार मजले, एकेका मजल्यावर सहा बिऱ्हाडं. मी असेन अकरा-बारा वर्षांचा. दुसऱ्या मजल्यावरच्या एकाला त्याच्या मामानं हा पाठवला, आणि वर्षाच्या आत वसाहतीत पाच झाले. आमच्याकडे? छे! वडील म्हणायचे, दाबायचंच असेल काही तर आजीचे पाय दाब. तर माझ्याकडे हा कधीच नव्हता. खेळ तसा सोपा आहे — पोस्टमन छपरांवरून पळतो, पत्रं गोळा करतो, कुत्री चुकवतो, खड्डा आला की उडी. दुसऱ्या टप्प्यात एक पवनचक्की लागते, आणि पवनचक्कीनंतर हा खड्डा. अख्खी वसाहत तिथे अडकली होती! लवकर उडी मारली की कमी पडते, उशीर झाला की पाय घसरलाच — अगदी कडेला, शेवटच्या ठिपक्यावर पाय असताना दाबलं तरच पलीकडे. आणि ते मला जमायचं. का जमायचं विचारू नका, मी काही मोजायचो नाही, अंगठा आपसूक जायचा. मग काय, हाका सुरू झाल्या. मला नावच 'उडी' पडलं. ए उडी, वर ये रे, पवनचक्की आली! मी हातातलं टाकून जिने चढायचो, ते माझ्या हातात द्यायचे, मी एक उडी मारून द्यायचो, की लगेच काढून घ्यायचे — पुढचं त्यांचं ते खेळायचे. खोटं नाही सांगत, या खेळातली मी एकच उडी खेळलोय. पाचशे वेळा खेळलो असेन, पण तेवढीच. पुढे काय आहे मला माहीत नाही. ती पत्रं तो शेवटी कुणाला देतो, देतो तरी का — काही माहीत नाही.

बसत नाही, नको, उभाच बरा आहे मी. किती वाजले? पाऊण? आहे, अजून वेळ आहे. तर घरी नेला, सेल घातले, खिडकीपाशी उभा राहिलो — याला उजेड लागतो, आतून दिवा नाही — आणि पहिल्यांदा वाटलं तुम्ही मला फसवलंत. राग मानू नका. पण एवढासा पडदा! माझ्या डोक्यात तो केवढा तरी होता. खड्ड्यात पाणी होतं, लाटा होत्या असं मला अगदी पक्कं आठवत होतं. काही नाही हो, काळी पट्टी आहे नुसती, बोटाच्या नखाएवढी. आणि पोस्टमन पलीकडे उतरला की हसायचा. मी पैज लावली असती. भिंगातून बघितलं — त्याला तोंडच नाहीये! टोपी, पिशवी, दोन पाय, संपला. म्हणजे पाचशे वेळा हसला तो कुठून हसला? बायको म्हणाली, डोळ्यांचं बघा काहीतरी. डोळे तपासलेत. मागच्याच आठवड्यात तपासलेत, उत्तम आहेत, डॉक्टर म्हणाला तुमच्या वयाला एवढे चांगले डोळे मी बघितले नाहीत. डोळ्यांचा प्रश्नच नाही.

आणि मग आला खड्डा. मारली उडी — खाली. म्हटलं होतं असं, छत्तीस वर्षांनी एकदम नाही जमायचं. परत मारली — खाली. जेवण थंड झालं, बायको दोनदा आत येऊन गेली, तिसऱ्यांदा म्हणाली, तो बिचारा पत्रं वाटायला निघालाय की जीव द्यायला? शनिवारी सेल बदलले. रविवारी बटणाच्या फटी कापसानं पुसल्या. सोमवारी — हसू नका — उलटा धरून डाव्या हातानं खेळून बघितला. किती वेळा पडला असेल सांगा. दोनशे? जास्तच. एकदा नाही पोचला हो पलीकडे. एकदासुद्धा नाही! आता तुम्ही मनात म्हणत असाल, नाचता येईना अंगण वाकडं. म्हणा, म्हणा. पण अंगण कधीकधी खरंच वाकडं असतं की नाही? ही जुनी वस्तू, किती हातांतून गेली असेल, आतलं रबर झिजत असेल, कडक होत असेल. तुम्ही उघडता ना अशी यंत्रं? मग बघा की उघडून. दोन मिनिटांचं काम. मला लिहून नको, पावती नको, तुम्ही नुसतं तोंडानं म्हणा, बटण खराब आहे, मी हा इथे ठेवतो आणि कामावर जातो. दोन वाजता मला वर असायचंय.

वर म्हणजे क्रेनवर. तुमच्या पायरीवर उभ्या राहिलात ना की त्या बँकेच्या मागे दिसते — लाल, उंच, तीच. तिच्या केबिनमध्ये मी बसतो. एकवीस वर्षं. या क्रेनवर दीड वर्ष, त्याआधी दुसऱ्या. शिडीनं चढायचं, दोन वाजता चढलो की अंधार पडेपर्यंत खाली उतरणं नाही. खालून माणसं मुंगीएवढी दिसतात म्हणतात ना, तसं काही नसतं, चांगली माणसाएवढी दिसतात, कोण दमलाय कोण टाळाटाळ करतोय सगळं कळतं. हे काम मला मिळालं तेच मुळी हातामुळे. उस्तादानं परीक्षा घेतली होती — हुकाला पाण्यानं काठोकाठ भरलेली बादली टांगली, जमिनीवर खांब रोवले वेडेवाकडे, आणि म्हणाला, यातून फिरवून आण, पाणी सांडलं तर घरी जा. आमच्या आधीचे तिघं भिजवून गेले. मी आणली. उस्ताद बादलीत बोट बुडवून बघत होता. म्हणाला, हात जन्माला यावा लागतो, शिकवून येत नाही. मी घरी जाऊन वडिलांना सांगितलं, तुम्ही आजीचे पाय दाबायला सांगत होता, बघा आता. मरेपर्यंत चारचौघांत सांगायचे ते — माझ्या मुलाचा हात.

त्यात खरं कसब काय असतं सांगू? झोका धरायचा. म्हणजे असं — वजन घेऊन तुम्ही चाललात आणि थांबलात, तर तुम्ही थांबता पण खाली दोरावरचं वजन थांबत नाही, ते पुढे झोका घेतं. मग ते पुढे टोकाला गेलं की नेमकं त्या क्षणी तुम्ही वरची ट्रॉली, दोर जिला टांगलेला असतो ती, त्याच्या डोक्यावर न्यायची. नेली की झोका मेला. वजन कसं शांत, टांगलेल्या कोटासारखं. पण तो क्षण चुकला, पापणी लवेल एवढा जरी चुकला, तर झोका मरत नाही, वाढतो. आणि मग — काही नाही. मग त्याच्या वाटेत कोण उभं आहे ते बघायचं.

तुम्ही असं बघू नका माझ्याकडे. कुणी मेलेलं नाही. हात मोडला एकाचा. जिवावरचं हातावर निभावलं. तीन आठवडे झाले, सळयांचा भारा पाचव्या मजल्यावर उतरवत होतो, परांची बांधणारा तिथे कडेला होता, भाऱ्यानं झोका घेतला, मी धरायला गेलो, आणि — ब्रेक. ट्रॉलीचा ब्रेक घसरला. त्यानं बाजूला उडी टाकली म्हणून वाचला तो. त्याला जमली बघा उडी. साहेब धावत आला, काय झालं, काय झालं, मी वरूनच म्हटलं, ब्रेक धरला नाही. तोंडातून तेच आलं पहिलं. उचलली जीभ लावली टाळ्याला असं नाही, मला तसंच वाटलं — लिव्हर ओढला आणि जरा उशिरानं लागलं सगळं, मग ब्रेकच ना? दुसरं काय असणार? ब्रेक बघायचं काम मेकॅनिकचं. त्याला घरी बसवला. अजून घरीच आहे. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, मला काका म्हणायचा. रोज सकाळी माझ्याआधी वर चढून एकेक बोल्ट हातानं बघायचा. पायाच्या पोटऱ्या अशा झाल्या होत्या त्याच्या. घरी दोन मुली. साहेबासमोर तो एवढंच म्हणाला, काका, मी तीनदा ओढून बघितला होता. मी खाली बघितलं.

मग मी शुक्रवारी इथून चाललो होतो आणि काचेत हा दिसला, आणि मनात आलं — कुठून आलं देव जाणे — की हा खड्डा पार झाला तर हात शाबूत आहे. हात शाबूत असला तर ब्रेकच होता. आणि नाही झाला, तर... म्हणून म्हणतो बटण बघा ना हो! चार दिवस मी घरात कुणाला हात लावू दिला नाही याला. मुलगी म्हणाली, बाबा, मी मारून देते उडी, तिच्या हातातून ओढून घेतला मी. घाबरली ती. घोडीएवढी मुलगी, पण घाबरली.

तुम्ही खेळा. हो, तुम्हीच. हातच्या कंकणाला आरसा कशाला — येत नाही म्हणता तेच बरं आहे, तुमची काही सवय नाही, अंदाज नाही, बटण चांगलं असेल तर कळेल. थांबा, पवनचक्कीपर्यंत मी आणून देतो. तेवढं येतं मला. हा कुत्रा... हे पत्र... ही आली पवनचक्की. घ्या. डावीकडचं हे पळायला, हे उडीला. चष्मा लावा की नीट. कडेला जायचं, अगदी कडेला, आणि दाबायचं. दाबा — दाबा —

गेला! बघितलंत? तुम्ही दाबलंत ना? कडेला असताना दाबलंत, मी बघितलं ना, आणि तो गेला! अजून दोन जीव आहेत, घाबरू नका, पडला की परत पवनचक्कीपाशीच उभा राहतो. घ्या, परत. सावकाश. हं... हं... आता —

गेला! अहो गेला! म्हणजे झालं ना? तुमचाही जातोय! अरे देवा. नाही, मला पाणी नको, मी ठीक आहे, हसू येतंय मला नुसतं. चार दिवस, ताई, चार दिवस मी जेवलो नाही धड. आणि हे रबर! एवढंसं रबर माणसाला वेड लावतं बघा. म्हणजे ब्रेकच होता. मी म्हणतच होतो ब्रेक होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं उगाच मी — आणि त्या फडक्याचंसुद्धा मग काय एवढं, ब्रेक जर खराबच होता तर फडकं असलं काय आणि नसलं काय, मी काढलं नसतं तरी — कुठलं फडकं? काही नाही, त्याची एक पद्धत होती, मेकॅनिकची. ब्रेक हातानं ओढून बघितला की तिथे पिवळं फडकं बांधून खाली उतरायचा, संध्याकाळी सोडायचा, दुसऱ्या दिवशी परत. सगळे हसायचे त्याला, म्हणायचे, बायकोनं दिलंय का रे. तो म्हणायचा, फडकं आहे तोवर ब्रेक माझ्या नावावर. तर त्या दिवशी साहेब वर चढून आला तेव्हा फडकं नव्हतं. साहेब म्हणाला, रजिस्टरमध्ये सही कुणीही करतो, फडकं कुठे आहे? सकाळचं बांधलेलं होतं, हो, मी बघितलं होतं दुपारी चढताना. साहेब शिडीवर होता तेवढ्या वेळात मी — आता ते जाऊ द्या ना, ब्रेक खराब होता हे तुम्हीच आत्ता सिद्ध केलंत, मग चांगलं फडकं खराब ब्रेकवर राहू दिलं असतं तर तेच खोटं नसतं का झालं? असा विचार करा. मी तसाच करतो. तुम्ही का थांबलात? तिसरा जीव आहे ना अजून? टाका तोही खाली, म्हणजे मी निघालो. टाका.

...

हे कसं झालं?

नाही, गेला पलीकडे, दिसतंय मला. डोळे चांगले आहेत माझे. काय केलंत तुम्ही? काही वेगळं दाबलंत? तेच बटण? — कडेला आला दिसला आणि दाबलं. एवढंच? दिसला आणि दाबलं. असं एकदा होतं, ताई, आंधळ्याच्या हाती पण एकदा लागतं. मागे फिरा. हो, येतं मागे फिरता, त्या बाजूनं परत या इकडे, तोच खड्डा आहे, तेवढाच. मारा.

पोचला. परत जा तिकडे. — पोचला. या इकडे. — पोचला.

तुम्हाला मजा येतेय. नाही, नाही, मी कशाला रागावू. तुमचा हात चांगला आहे. शिकवून येत नाही तो. पण माझं म्हणणं — तुम्ही आत्ता सेल हलवले का? गरम झाला असेल, इतका वेळ हातात होता, गरम झालं की रबर सुटतं, त्याच्यामुळे... द्या इकडे. द्या हो. मघाशी होता तिथेच आहे ना? हे बघा, मी आता... दिसतेय मला कड. चांगली दिसतेय. दिसतेय, दिसतेय —

गेला.

दिसत होती हो. दाबलं मी. दिसली तेव्हाच दाबलं.

फोन माझाच वाजतोय. वाजू दे. कळलं ना तुम्हाला, तीन आठवडे मी रोज दोन वाजता वर चढतोय. रोज. माणसं असतात खाली. बंद होत नाही हा. एक मिनिट हं.

हॅलो. हो साहेब. नाही, निघालो नाही अजून. साहेब, दुसऱ्या कुणाला तरी वर पाठवा आज. ताप नाही. घरी सगळे ठीक आहेत. उद्या पण नको. साहेब, ऐकून घ्या आधी, मग बोला. त्या दिवशी ब्रेक चांगला होता. — हो, त्याच दिवशी. ब्रेक लागला, मीच उशिरा ओढला. आणि त्याचं फडकं बांधलेलं होतं साहेब, पिवळं. तुम्ही शिडी चढत होतात तेव्हा मी सोडलं आणि खिशात घातलं. — नाही, मला कुणी सांगितलं नाही बोलायला. त्याला ठाऊक पण नाही मी बोलतोय ते. त्याला बोलवा तुम्ही. — हो, मीच. माझ्या हातानं. — हॅलो? साहेब? हॅलो?

ठेवला.

नाही, पैसे नकोत म्हटलं ना, तो ड्रॉवर बंद करा. याला काही झालेलं नाही, यंत्र चांगलं आहे तुमचं, कुणी विचारलं तर सांगा चांगलं आहे. तुम्ही खेळा पुढे, शेवटी काय होतं ते मला सांगू नका. मी जातो, जातोच आहे, एवढे डोळे पुसले की — अहो, काय बघताय? तिकडे बघा. जरा वेळ तिकडे बघा म्हटलं ना तुम्हाला.